मेंटॉर व्हायला निघालात? नागपूरच्या एका क्लबमधला माझा अनुभव

दर जुलैत आमच्या टोस्टमास्टर्स क्लबमध्ये नवी कमिटी बसते आणि पहिल्याच मीटिंगमध्ये प्रश्न येतो, "नव्या मेंबर्सना मेंटॉर कोण होऊन राहिलं?" लगेच अर्धा हॉल चहाच्या कपात बघायला लागतो. मीही बघायचे. भाषण केलं की सात मिनिटांत मोकळं होता येतं, वर टाळ्या मिळतात. मेंटॉर म्हणजे महिनोन्महिने दुसऱ्याच्या भाषणामागे लागायचं आणि टाळ्या त्याच्या. त्यात नेमकं करायचं काय, हे कोणी धड सांगत नाही. २०२४ मध्ये मी हे काम अंगावर घेतलं. ज्यांना येत्या काळात कोणी "तुम्ही व्हा ना" म्हणणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टोस्टमास्टर्सची, म्हणजे चारचौघांत बोलायला शिकायच्या क्लबांची, सुरुवात १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता अॅना इथे राल्फ स्मेडली यांनी वायएमसीएमध्ये केली. मीटिंगमध्ये काही जण तयार भाषणं करतात, काहींना टेबल टॉपिक्समध्ये आयत्या वेळी विषय मिळतो आणि त्यावर एक ते दोन मिनिटं बोलावं लागतं. प्रत्येक तयार भाषणाचं कोणीतरी दोन-तीन मिनिटांत मूल्यमापन करतं. सर किंवा मॅडम अशा नात्याने शिकवणारं इथे कोणी नसतं. नवा माणूस म्हणूनच गांगरतो. पैसे भरले, टाळ्या झाल्या, स्वागत झालं, आता पुढे काय?

पैशांचंही सांगून टाकते, कारण मेंटीचा, म्हणजे मेंटॉरच्या हाती दिलेल्या नव्या सदस्याचा, पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. मी मेंटॉर होते त्या वर्षी मुख्यालयाची वर्गणी सहा महिन्यांना ६० डॉलर होती आणि नव्या सदस्याला एकदाच आणखी २० डॉलर. हॉलचं भाडं, चहा, छपाई यांसाठी क्लब वरून काही घेतो, तो आकडा क्लबनुसार बदलतो. नूतनीकरण १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला असतं. मधल्या महिन्यात शिरलात तर वर्गणी उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने लागते. मेंटॉरला काही मिळत नाही आणि काही भरावंही लागत नाही. खर्च होतो तो पेट्रोलचा आणि पोह्यांचा.

माझी लेव्हल २ जानेवारीत संपली. पाथवेज या अभ्यासक्रमात दुसऱ्या लेव्हलला मेंटॉरिंगची ओळख करून देणारा प्रकल्प सगळ्यांनाच करावा लागतो. आपल्याला कधी कोणी हात धरून शिकवलं, यावर पाच ते सात मिनिटं बोलायचं. मी माझ्या पहिल्या नोकरीतल्या हेड क्लार्कबाईंवर बोलले. त्या मला व्हाउचर फाडून परत लिहायला लावायच्या आणि त्याच हाताने डब्यातली अर्धी पोळी द्यायच्या. हे भाषण झालं की लेव्हल आपोआप पूर्ण होते असा माझा समज होता. तसं नसतं. बेसकॅम्प नावाच्या संकेतस्थळावर आपण विनंती टाकायची आणि क्लबच्या बेसकॅम्प मॅनेजरने ती मंजूर करायची. हे काम व्हीपीई, म्हणजे शिक्षणाचे उपाध्यक्ष, करतात. अध्यक्ष आणि सेक्रेटरीलाही तो अधिकार असतो. माझी विनंती जवळजवळ महिनाभर तशीच पडून होती. ग्रुपवर आठवण केली की अंगठा यायचा, मंजुरी यायची नाही. शेवटी मीटिंग संपल्यावर मी व्हीपीईंच्या बाजूला खुर्ची ओढून बसले, त्यांनी तिथेच मोबाइलवर लॉगिन केलं आणि दोन मिनिटांत काम झालं. तेव्हापासून मंजुरी हवी असेल तर मी समोर जाऊन बसते. मेसेज टाकत नाही.

लेव्हल २ झाली की बेसकॅम्पवर मेंटॉर प्रोग्राम उघडतो. त्यातला पहिला भाग तयारीचा असतो. क्लबमध्ये मेंटॉर व्हायला तो सक्तीचा नाही. व्हीपीईंनी क्लबच्या मेंटॉर-मेंटींच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढे कोणाचं नाव टाकलं की झालात मेंटॉर. तरी मी तो वाचला. त्यातला एक मुद्दा फार उपयोगी पडला: पहिल्याच भेटीत एकमेकांकडून काय अपेक्षा आहे ते बोलून घ्यायचं. बाकीचं वाचायला चांगलं आहे, पण समोर माणूस आल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी शीटमध्ये माझ्या नावापुढे एक मुलगी आली. काटोलची, हिंगणा रोडवरच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वसतिगृहातून अॅक्वा लाइनने शंकरनगर चौकापर्यंत यायची आणि तिथून हॉलपर्यंत पायी. आम्ही पहिल्यांदा निवांत बोललो ते मीटिंगनंतर, तर्री पोह्यांच्या ठेल्यावर. तिथे मी तिच्याशी तीन गोष्टी ठरवल्या. फोन रात्री नऊच्या आत. भाषणाचा कच्चा मसुदा रविवारच्या मीटिंगसाठी गुरुवारपर्यंत. आणि लेव्हल १ संपेपर्यंत मी तुझ्याबरोबर, त्यानंतर आपण परत बसून बघू. ती मान डोलवत होती. मग म्हणाली, "ताई, ते आइसब्रेकरचं मला काही सुचूनच नाही राहिलं."

आइसब्रेकर म्हणजे पहिलं भाषण, चार ते सहा मिनिटं, विषय स्वतःच. सोपा वाटतो, आणि त्यामुळेच लोक फसतात. तिने पाठवलेला मसुदा इंटरनेटवरून उचललेल्या इंग्रजीत होता. मी ध्येयवादी आहे, मला आव्हानं आवडतात, वगैरे. त्यात काटोल नव्हतं, घर नव्हतं, तीही नव्हती. मी त्या कागदावर पेन टेकवला नाही. फोन करून म्हटलं, मसुदा राहू दे, तुझे बाबा या दिवसांत सकाळी उठून काय करतात ते मला मराठीत सांग.

ती सुटलीच. संत्र्याची बाग. मृगाचा बहार घ्यायचा असेल तर मे महिन्यात झाडांना पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होऊन गळू लागतात, बघवत नाही, तरी पाणी सोडायचं नाही. मग पाऊस पडला की झाड फुलोऱ्यावर येतं. आंब्या बहाराला हेच डिसेंबर-जानेवारीत. तिची आजी त्या दिवसांत बागेकडे फिरकत नाही, म्हणे झाडांकडे बघून जीव तुटतो. आणि एका वर्षी बाबांनी ताण जरा जास्तच लांबवला, तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नव्हतं. हे सगळं ती एका दमात बोलली. मी म्हटलं, हे तुझं आइसब्रेकर. आता इंग्रजीत कसं म्हणायचं ते तू बघ. 'बहार' आणि 'ताण' हे शब्द तसेच ठेव, हॉलमधल्या निम्म्या लोकांना समजतात, उरलेल्यांना एका वाक्यात समजाव.

आमचा क्लब इंग्रजीतून चालतो. घरी मराठी, वसतिगृहात हिंदी, मंचावर इंग्रजी अशी तीन खात्यांत वाटलेली मुलं आमच्याकडे बरीच येतात. अशा मेंटीला आधी मराठीत बोलू द्यावं, हे माझं ठाम मत झालं आहे. व्याकरण सांगायला मीटिंगमध्ये ग्रामेरियन बसलेला असतोच.

सराव आम्ही फोनवरच केला. पाठांतर करायचं ते फक्त पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन वाक्यांचं. मधलं नुसतं मुद्द्यांवर. घरी साडेपाच मिनिटं भरलं की ती घाबरून कापाकापी करायची. मी कापू दिलं नाही, कारण पहिल्यांदा उभं राहणारा माणूस हॉलमध्ये पळत सुटतो. झालंही तसंच. मार्चमधल्या त्या रविवारी ती हिरवं कार्ड दिसल्यावर थोड्याच वेळात संपवून बसली. चार मिनिटांना हिरवं, पाचला पिवळं, सहाला लाल. साडेतीनच्या खाली आणि साडेसहाच्या वर गेलात तर सर्वोत्तम भाषणाच्या मतदानात धरत नाहीत, एवढी तीस सेकंदांची सूट असते. त्या दिवशी मी मुद्दाम तिसऱ्या रांगेत मधोमध बसले, नजर वर केली की मी दिसावी म्हणून. पहिल्या रांगेत बसू नका. तिथे बसलेला मेंटॉर परीक्षकासारखा दिसतो.

मूल्यमापन करणाऱ्या सरांनी तिचं कौतुक केलं आणि शेवटी सुचवलं की ताणाच्या गोष्टीतून आयुष्याचा एखादा धडा काढायला हवा होता, म्हणजे भाषण उंचीवर गेलं असतं. ती पडल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. सरांना खोटं पाडायचं नव्हतं आणि त्यांच्याशी सहमतही व्हायचं नव्हतं. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "ताई, बाबा तर धडा-बिडा नाही सांगत. फक्त पाणी तोडतात." मग विषय मिटला. एक सांगते, आपल्या मेंटीचं मूल्यमापन शक्यतो स्वतः घेऊ नका. दुसऱ्या कोणाकडे जाऊ द्या आणि भाषणाच्या आधी त्यांच्याशी दोन शब्द बोलून ठेवा: पहिलं भाषण आहे, आवाज बारीक आहे, त्याकडे बघा. सरांशी मी बोलले होते. त्यांनी आवाजाचं नीट सांगितलंही. धडा त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला.

आइसब्रेकरनंतरचे महिने खरे कठीण. लोक मंचाच्या भीतीने क्लब सोडतात असं सगळे म्हणतात. मी बघितलं ते वेगळंच. पहिलं भाषण बहुतेकांचं बरं होतं, टाळ्या मिळतात, फोटो टाकला जातो. मग दुसऱ्याची तारीख कोणी विचारत नाही. अजेंड्यात जागा रिकामी नसते, रिकामी असते तेव्हा परीक्षा असते, आणि बघता बघता नूतनीकरणाची तारीख येते. मेंटॉरचं निम्मं काम तारीख पक्की करण्याचं आहे, भाषण सुधारण्याचं पुढे बघता येतं. तिचं आइसब्रेकर झालं त्याच संध्याकाळी मी तिला विचारलं, पुढचं कधी? आणि व्हीपीईंना सांगून एप्रिलच्या शेवटच्या मीटिंगमध्ये तिचं नाव टाकून घेतलं. मधल्या मीटिंगांना छोटे रोल: टायमर, मग अॅ-काउंटर. बोलण्यात किती वेळा 'अं' आलं ते मोजायचं काम. मंचावर जावंच लागतं, पण दोन मिनिटांपुरतं.

मेमध्ये आमची मीटिंग सकाळवरून संध्याकाळवर जाते. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना रविवारी सकाळी अकराला कोणी दुपट्टा बांधून घराबाहेर पडत नाही. हॉलमध्ये दोन मोठे कूलर. एक पंख्यावर टाकला तरी घरघरतो, बंद केला तर पाच मिनिटांत सगळे अजेंड्याच्या कागदाने वारा घेऊ लागतात. तिचा बारीक आवाज दुसऱ्या रांगेच्या पुढे पोचत नव्हता. लेव्हल १ मध्ये आवाज आणि देहबोलीवर एक वेगळा प्रकल्प आहे, त्यात आवाज पोटातून काढा, चढ-उतार ठेवा असं सगळं लिहिलेलं आहे. आम्ही दुसरंच केलं. ती माझ्या घरी आली, मी बैठकीच्या खोलीतला कूलर पूर्ण वेगाने लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तिने कूलरशेजारी उभं राहून बोलायचं, मला प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला पाहिजे. नाही आला की मी हात वर करायचे. सुरुवातीला माझा हात खाली यायलाच तयार नव्हता. तेव्हा कळलं की आवाज तिचा लहान नाही, वाक्याच्या शेवटाला ती श्वास सोडून देते. क्रियापदच गायब. वाक्यं लहान केली आणि अर्ध्या तासात फरक पडला. आई आतून ओरडली, "अगं, शेजारी काय म्हणतील!" तेही स्पष्ट ऐकू आलं.

जून आला. टोस्टमास्टर्सचं वर्ष ३० जूनला संपतं आणि क्लबला दहा उद्दिष्टांपैकी किती गाठली त्यावर मान मिळतो. त्यातलं पहिलंच उद्दिष्ट चार सदस्यांची लेव्हल १ पूर्ण होण्याचं. आमच्याकडे एक कमी पडत होती. मला फोन आला, "तुमच्या मेंटीची दोन भाषणं एकाच आठवड्यात उरकून टाकू, जवळच्या क्लबमध्ये एक स्लॉट आहे." तिची विद्यापीठाची परीक्षा चालू होती. मी नाही म्हटलं. तिला विचारलंसुद्धा नाही, कारण विचारलं असतं तर ती संकोचाने हो म्हणाली असती. दोन मीटिंग जरा वातावरण गार होतं, कूलरशिवाय. तिची लेव्हल १ ऑगस्टमध्ये झाली. शेवटी तिने दुसऱ्या एका नव्या मुलाच्या भाषणाचं मूल्यमापन केलं आणि अडीच मिनिटांत बसली. कोणाला धडा काढायला सांगितला नाही.

१ जुलैला कमिटी बदलते, हे लक्षात ठेवा. जुन्या व्हीपीईंकडे पडलेल्या विनंत्या नव्यांना दिसतात खऱ्या, पण नव्यांना त्या कशाच्या हे ठाऊक नसतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपलं आणि मेंटीचं सगळं मंजूर करून घ्या.

नव्या व्हीपीईंनी मला आणखी एक मेंटी दिले. हे एका सरकारी कंपनीत वरच्या पदावरचे, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेले. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला मॅडम. त्यांना मंचाची भीती नव्हतीच. अडचण उलटी होती: थांबायचे नाहीत. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात लाल कार्ड वर गेल्यावरही ते निवांत दुसरा किस्सा सुरू करायचे. त्या दिवशी टायमर माझी काटोलची मुलगी होती. ती कार्ड धरून उभी, मग दुसऱ्या हातात घेऊन उभी, मग कोपर टेबलावर टेकवून उभी.

अशा माणसाला काय सांगणार? ऑफिसात त्यांना कोणी थांबवत नाही. आमच्या घरातही मोठ्यांना मधे तोडायची पद्धत नाही. मी भाषणाविषयी बोललेच नाही. पुढच्या दोन मीटिंगांना त्यांना टायमरचा रोल घ्यायची विनंती केली आणि व्हीपीईंकडून अजेंड्यात टाकून घेतलं. दुसऱ्या मीटिंगनंतर ते पोह्यांच्या ठेल्यावर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, ते लाल कार्ड धरणाऱ्याचा हात दुखतो हो." पुढचं भाषण त्यांनी सात मिनिटं दहा सेकंदांत संपवलं. फार छान झालं होतं, कोळशाच्या खाणीतल्या पहिल्या दिवसावर. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांची बदली झाली, ऑक्टोबरचं नूतनीकरण त्यांनी केलं नाही. निरोपाचा मेसेज आला, "तिकडे क्लब नाही, असता तर लाल कार्ड मीच धरलं असतं." शीटमध्ये त्यांच्या नावापुढे फक्त 'निष्क्रिय' लिहिलं गेलं.

एक बाजूची गोष्ट. कुठल्याशा मीटिंगमध्ये कोणीतरी सांगितलं की टोस्टमास्टर्समध्ये बायकांना अधिकृत प्रवेश १९७३ साली मिळाला, आणि त्याआधी १९७० मध्ये हेलन ब्लँचर्ड या बाईंची नोंदणी क्लबने 'होमर' या पुरुषी नावाने केली होती. पुढे १९८५ मध्ये त्याच संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. माझ्या मेंटीने हे ऐकलं आणि त्यावर भाषण करायचं ठरवलं. माझ्याकडे मसुदा आला तो पूर्ण झालेला, गुरुवारच्या आधीच. मला त्यात एक-दोन ठिकाणी खटकलं, पण तिने विचारलं नव्हतं. मी 'छान' लिहून पाठवलं. खटकलेलं तिने मंचावर स्वतःच बदललं होतं.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. सिव्हिल लाइन्सच्या बाजूचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, मोर्चे असतात, हॉल मिळायची मारामार. आम्ही त्या मीटिंगा ऑनलाइन घेतल्या. तेव्हाच आम्ही दोघी ठरल्याप्रमाणे परत बसलो, या वेळी व्हिडिओ कॉलवर. तिने स्वतःहून सांगितलं की आता तिला दर भाषणाआधी फोन नको, फक्त स्पर्धेच्या वेळी लागला तर करेन. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू.

हे संपवणंही रीतसर करावं लागतं, नाहीतर शीटमध्ये नाव तसंच राहतं आणि नवी कमिटी तुम्हाला 'व्यस्त' समजते किंवा वर्षभर तुमच्या मेंटीबद्दल विचारत राहते. दोघांनी मिळून व्हीपीईंना एक मेसेज टाकायचा: मेंटॉरिंग अमुक तारखेला पूर्ण, मेंटीची लेव्हल अमुक. मेंटॉर प्रोग्राममधला पुढचा प्रकल्प केला असेल तर बेसकॅम्पवरची नोंदही त्याच दिवशी मंजूर करून घ्यायची. समोर बसून.

एप्रिलच्या नूतनीकरणानंतर नवे लोक येतील. मी व्हीपीईंना सांगून ठेवलं आहे: एका वेळी एकच मेंटी द्या, आणि आइसब्रेकर जमलं तर मेच्या आधी. माझ्या कूलरची मोटर यंदा बदलायची आहे.